बास्केटबॉलचा एकरी उतारा

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या २०२४-२५ च्या मोसमात मेम्फिस ग्रिझलीजने सामन्यामागे सरासरी १२१.७ गुण केले, ओक्लाहोमा सिटी थंडरने १२०.५. एवढंच पाहिलं तर मेम्फिस सरस ठरतो. पण ८२ सामन्यांपैकी थंडरने ६८ जिंकले आणि मेम्फिसने ४८. बाद फेरीत दोघे समोरासमोर आले, तेव्हा थंडरने पहिलाच सामना १३१-८० आणि मालिका ४-० अशी जिंकली.

मेम्फिस अतिशय वेगाने खेळत होता. वेग वाढला की चेंडू जास्त वेळा हाती येतो आणि गुण फुगतात. पण समोरच्यालाही तेवढ्याच वेळा चेंडू मिळतो. यवतमाळ-वाशीमकडे कोणी 'साठ क्विंटल सोयाबीन झालं' म्हटलं, की लगेच 'किती एकरात?' असं विचारतात. बास्केटबॉलमधला एकर म्हणजे चेंडूचा ताबा.

थंडरची खरी ताकद गुणफरकात होती. त्यांनी सामन्यामागे फक्त १०७.६ गुण दिले. १२.९ चा हा सरासरी फरक एनबीएच्या इतिहासातला सर्वांत मोठा आहे. समोरच्याचा चेंडू हिसकावायचा आणि आपला सहसा गमवायचा नाही, हे त्यांना फार चांगलं जमलं. तरीही अंतिम मालिकेत इंडियाना पेसर्सने त्यांना सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. तो १०३-९१ असा संपला, तेव्हा आपल्याकडे २३ जूनची सकाळ होती.

ताब्यामागे गुणांचा हा हिशेब गावच्या शाळेच्या संघासाठी एका वहीत होतो. प्रत्येक संघासाठी चार रकाने आखा: बास्केटवर मारलेले शॉट, आक्रमणातले रिबाउंड (आपलाच हुकलेला शॉट आपण पकडला ते), गमावलेले चेंडू, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट). शॉटमधून रिबाउंड वजा करा, गमावलेले चेंडू मिळवा आणि फ्री थ्रोच्या ०.४४ पट मिळवा. समजा ६२ शॉट, ११ रिबाउंड, १८ गमावलेले चेंडू आणि २० फ्री थ्रो झाले: ६२ − ११ + १८ + ८.८ = ७७.८ ताबे. गुण ६६ असतील, तर १०० ताब्यांमागे जवळपास ८५. समोरच्या संघाचाही आकडा असाच काढून वजा करा.

०.४४ कशासाठी? बहुतेक वेळा दोन फ्री थ्रोत एक ताबा संपतो, म्हणजे अर्धा-अर्धा. पण बास्केट झाल्यावर मिळणारा जादा फ्री थ्रो वेगळा ताबा खर्च करत नाही, म्हणून आकडा अर्ध्याहून थोडा खाली येतो. हा गुणक एनबीएच्या सामन्यांवरून आला आहे. शालेय सामन्यांत तो अंदाजापुरताच धरावा.

चूक हमखास होते ती रिबाउंडमध्ये. आपलाच हुकलेला शॉट आपणच पकडला तर ताबा तोच चालू राहतो. नवा मोजला की ताबे फुगतात आणि चांगला संघ वहीत कमजोर दिसतो. मुरमाच्या मैदानावर आणखी एक काळजी घ्यावी. खड्यावर पडून चेंडू वाकडा उसळतो आणि ड्रिबल, म्हणजे चेंडू आपटत नेणं, सुटतं. असे चेंडू गमावलेल्यांतच धरा, पण पुढे 'मै' लिहा. नाहीतर मैदानाचा दोष पोरांच्या हातांवर जातो आणि सरावात नको त्या गोष्टीवर वेळ खर्च होतो.

मोसम संपल्यावर सामन्यांच्या सरासरीची पुन्हा सरासरी काढू नका. सगळे गुण एकत्र, सगळे ताबे एकत्र, मग भागाकार. तरच ५५ ताब्यांचा संथ सामना आणि ८५ ताब्यांचा धावता सामना आपापल्या वजनाने मोजला जातो. जिल्हास्तरावर तीन-चारच सामने मिळाले असतील, तर १०० ताब्यांमागे चार-पाच गुणांच्या फरकावरून संघ बदलू नये. तेवढा फरक तीन ते पाच तीन-गुणी शॉट रिंगला लागून आत पडले की बाहेर, यानेही पडतो.