शूटर गेमसाठी संगणकाची जुळणी (सांगली-सातारा परिसर)

काउंटर-स्ट्राइक 2, व्हॅलोरंट यांसारख्या दोन संघांत समोरासमोर खेळल्या जाणाऱ्या शूटर गेमसाठी सुटे भाग निवडून केलेली संगणकाची जुळणी. माउस हलवल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ कमीत कमी ठेवायचा आणि तो सतत सारखा राखायचा, एवढ्याच हेतूने ही जुळणी करतात. देखण्या दृश्यांचा विचार नंतर. सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात वीज, उन्हाळा आणि धूळ यांचाही हिशेब करावा लागतो.

फ्रेमचा हिशेब

60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 चित्रे दाखवणाऱ्या मॉनिटरवर दर 16.7 मिलिसेकंदांनी नवे चित्र येते; 144 हर्ट्झवर 6.9 आणि 240 हर्ट्झवर 4.2 मिलिसेकंदांनी. पुढची फ्रेम, म्हणजे पुढचे चित्र, तेवढ्या वेळात तयार व्हावी लागते. दुकानात सांगतात तो 'अडीचशे एफपीएस' (सेकंदाला 250 फ्रेम) हा आकडा सरासरीचा असतो आणि सरासरीवरून फारसे काही कळत नाही. पाच-पाच मिलिसेकंदांनी फ्रेम येत असताना मध्येच एखादी 40 मिलिसेकंदांची आली, तर सरासरी जवळपास तीच राहते. पण कोपऱ्यावरून शत्रू निघाला त्याच क्षणी चित्र अडकलेले असते. म्हणून जाणकार '1 टक्का लो' पाहतात, म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमवरून काढलेला वेग. सरासरी 250 आणि लो 70 असलेल्या मशीनपेक्षा सरासरी 180 आणि लो 130 असलेले मशीन हाताला स्मूथ लागते.

प्रोसेसर आणि रॅम

स्पर्धेत हे खेळ बहुधा 1080पी (1920×1080 ठिपक्यांचे चित्र) किंवा त्याहून कमी रिझोल्यूशनवर, सेटिंग 'लो' ठेवून खेळतात. ग्राफिक कार्डाचे काम त्यामुळे हलके होते आणि ताण प्रोसेसरवर येतो. आपल्या मशीनमध्ये काय कमी पडते ते ओळखणे सोपे आहे : रिझोल्यूशन आणखी उतरवावे. एफपीएस वाढले तर कार्ड कमी पडत होते. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर. अशा वेळी महागडे कार्ड बसवून उपयोग होत नाही, आणि नेमकी हीच चूक सर्वाधिक होते.

कोअरच्या (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणना-घटकांच्या) संख्येपेक्षा एका कोअरचा वेग आणि एल3 कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, महत्त्वाचे. सहा कोअर पुरतात. एएमडीच्या रायझन 5 5600 या प्रोसेसरमध्ये 32 एमबी एल3 कॅशे आहे, तर नावाने जवळच्या 5600जी मध्ये 16 एमबी. 'जी' मध्ये ग्राफिक्स आतच असल्याने तो पहिल्या टप्प्यात स्वस्त पडतो; पण पुढे कार्ड घालायचेच असेल तर साधा 5600 घेतलेला बरा. इंटेलच्या आय5-12400एफ मधला 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय त्यावर डिस्प्लेच येत नाही. कॅशेचा फरक किती पडतो याचे टोकाचे उदाहरण म्हणजे 2022 साली आलेला 5800एक्स3डी आणि 2023 चा 7800एक्स3डी. दोन्हींत 96 एमबी एल3 आहे आणि 240 हर्ट्झच्या वर खेळणारे तेच शोधतात.

रॅमच्या बाबतीत 16 जीबीची एक पट्टी घेऊ नये, 8-8 च्या दोन घ्याव्यात. एकाच पट्टीवर मेमरीचा एकच चॅनल चालतो, म्हणजे प्रोसेसरला डेटा पोचवण्याची रुंदी निम्मी होते आणि सर्वांत आधी 1 टक्का लो घसरतो. चार खाचांच्या मदरबोर्डवर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत पट्ट्या बसवाव्यात. बसवून झाल्यावर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करावी लागते. एएमडीच्या डीडीआर5 (डीडीआर4 च्या पुढच्या पिढीची रॅम) बोर्डांवर तिला एक्स्पो म्हणतात. हे राहून गेले तर 3200 ची डीडीआर4 रॅम 2400 किंवा 2666 वर आणि 6000 ची डीडीआर5 रॅम 4800 वर चालत राहते. असेंबल करून आणलेल्या अनेक मशीनमध्ये हे केलेलेच नसते. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर चालू वेग दिसतो, तो घरी नेण्याआधी दुकानातच पाहून घ्यावा.

ग्राफिक कार्ड आणि मॉनिटर

144 हर्ट्झच्या मॉनिटरवर 1080पीत खेळण्यासाठी आरएक्स 6600 किंवा आरटीएक्स 3060 च्या तोडीचे कार्ड पुरते. आरएक्स 6500 एक्सटी मात्र जपून घ्यावे. त्याला पीसीआयईच्या (कार्ड मदरबोर्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या) चारच लेन आहेत, पीसीआयई 3.0 च्या बोर्डावर किंवा 5600जी सोबत लावले की त्या निम्म्या वेगाने चालतात आणि कार्डाची 4 जीबी मेमरी भरली की खेळ अडखळतो. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डावर गणिते करून चलन मिळवणे) बंद झाल्यावर मायनिंगमध्ये राबलेली बरीच कार्डे जुन्या बाजारात आली. वापरलेले कार्ड घ्यायचे तर निदान अर्धा तास पूर्ण ताणावर चालवून पाहावे. पंख्याचा आवाज, पडद्यावर चुकीचे रंगीत ठिपके आणि तापमान यांवरून बरेच कळते.

मॉनिटर 24 इंची, 1080पी, आयपीएस पॅनेलचा घ्यावा. व्हीए या दुसऱ्या प्रकारच्या स्वस्त पॅनेलवर अंधाऱ्या भागात हलणाऱ्या आकृतीमागे काळी शेपूट दिसते. नवा मॉनिटर 'जुन्यासारखाच' वाटला तर आधी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, केबल मदरबोर्डाच्या नव्हे तर ग्राफिक कार्डाच्या पोर्टला आहे का. दुसरे, विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट 60 वरच तर राहिलेला नाही ना. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या ठेक्याशी जुळवणारी सेटिंग) बंद ठेवावे, कारण त्याने चित्र फाटायचे थांबते पण उशीर वाढतो.

एसएसडीने एफपीएस वाढत नाहीत. तरी हार्ड डिस्कवर गेम ठेवल्यास नकाशा उशिरा उघडतो आणि मध्ये झटके बसतात. काउंटर-स्ट्राइक 2 ला एकट्यालाच 85 जीबी जागा लागते, तेव्हा 512 जीबीपेक्षा लहान घेऊ नये. माउस 1000 हर्ट्झचा असावा, म्हणजे तो दर मिलिसेकंदाला आपली जागा कळवतो. ऑफिसचा साधा माउस हे दर 8 मिलिसेकंदांनी करतो.

ऑफिसातून निघालेली चौथ्या पिढीच्या आय5 ची रिफर्बिश्ड मशीन स्वस्त मिळतात, पण त्यांचा एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा) आणि त्याचे कनेक्टर अनेकदा कंपनीचे खास असतात आणि कार्डासाठी वेगळी पॉवर केबल नसते. शिवाय विंडोज 11 वर व्हॅलोरंटला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतात, त्यांची पूर्ण सोय इतक्या जुन्या मशीनमध्ये बहुधा नसते; आणि विंडोज 10 वर राहावे तर त्याचा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला.

वीज

5600 आणि आरएक्स 6600 ची जुळणी खेळताना मॉनिटरसह साधारण 250 ते 300 वॉट ओढते. 80 प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याच्या प्रमाणपत्राचा) दर्जाचा 550 वॉटचा एसएमपीएस त्याला पुरून उरतो. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या '450 वॉट'च्या डब्यावर विसंबू नये. ग्राफिक कार्डाने एकदम वीज ओढली की तो बंद पडतो, आणि दोष मात्र कार्डाला दिला जातो.

एसएमपीएसच्या लेबलवर इनपुट 100–240 व्होल्ट आहे की 200–240, हे वाचून घ्यावे. तासगाव, पलूस, वाळवा भागात शेतीपंपांचा भार वाढला की व्होल्टेज उतरते. 200 च्या बरेच खाली आले की दुसऱ्या प्रकारचा एसएमपीएस रिस्टार्ट होऊ शकतो. पहिला तसाच चालतो आणि त्याला स्टॅबिलायझरची गरज पडत नाही.

600 व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर) यूपीएस बहुधा 360 वॉटपर्यंतच भार घेतो. जुनी बॅटरी आणि चालू खेळ अशा दुहेरी ताणात तो बीप देऊन लगेच सोडतो, म्हणून 1000 व्हीएचा घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक लावायचा असेल तर मागचे बटण 'यूपीएस' मोडवर हवे. एसएमपीएस विजेशिवाय साधारण 16 मिलिसेकंदच तग धरतो आणि साध्या मोडवर इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. राउटर आणि फायबरचा डबाही बॅकअपवर असावा, नाहीतर संगणक चालू राहून सामना सुटतो तो सुटतोच.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ते अर्थिंग नसल्याचे लक्षण. एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणारा बारीकसा प्रवाह जमिनीत जायला वाट मिळत नाही, म्हणून तो पत्र्यावर जाणवतो. जुन्या घरांत थ्री-पिनला टू-पिनची टोपी लावली की हे हमखास होते. आधी वायरमनला बोलवावे, मशीन नंतर चालू करावे.

उष्णता आणि धूळ

खोली 25 अंशांवरून 40 वर गेली की आतल्या भागांचे तापमानही जवळपास तेवढ्याच 15 अंशांनी चढते. जानेवारीत 75 अंशांवर चालणारा 5600 मे महिन्यात 90 च्या मर्यादेला टेकतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि फ्रेम पडू लागतात. समोर काच असलेल्या कॅबिनेटपेक्षा जाळी असलेले घ्यावे. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागून एक बाहेर टाकणारा. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या आसपास काजळी पडते आणि सांगलीत मार्केट यार्डाजवळ हळदीची पूड उडते. तेवढ्या काळात जाळी महिन्याला साफ करावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. मोकळी राहिली तर हवेच्या जोराने बेफाम फिरून बेअरिंग खराब होते. पावसाळ्यात विशेषतः महाबळेश्वर, पाचगणीकडे डिस्प्ले अचानक येईनासा झाला तर प्लग काढून रॅम खाचेतून बाहेर घ्यावी आणि पुन्हा घट्ट बसवावी. बऱ्याचदा तेवढ्याने भागते. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. 2005, 2019 आणि 2021 चे कृष्णेचे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे वेगळे सांगायला नको.

पिंग

पिंग म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. दोन्ही खेळांचे सर्व्हर मुंबईत आहेत. फायबरमधून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे 200 किलोमीटर जातो, म्हणजे सांगलीहून मुंबईला जाऊन यायला 4 ते 5 मिलिसेकंद पुरतात. पिंग त्याहून जास्त दिसतो तो इंटरनेट कंपनीच्या वाटेमुळे आणि घरातल्या वायफायमुळे. एफपीएस स्थिर असून शत्रू उड्या मारत पुढे सरकताना दिसला, तर मशीनमध्ये दोष शोधू नये. राउटरपासून कॅट6 ची वायर ओढावी आणि घरात दुसऱ्याचे डाउनलोड चालू असताना पिंग किती चढतो ते पाहावे. 20 चा 150 होत असेल तर राउटरमधल्या क्यूओएस (इंटरनेटची वाटणी ठरवणाऱ्या) सेटिंगमध्ये डाउनलोड आणि अपलोडची मर्यादा प्लॅनच्या सुमारे 90 टक्क्यांवर बांधावी.