क्लोज आणि शटडाउन: उत्तर लिहून झाल्यावर सॉकेट बंद करताना

क्लायंट मोठी फाइल अपलोड करतोय. हेडर वाचताच सर्व्हरला कळतं की फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे, म्हणून तो 413 चं ('मजकूर फार मोठा' असं सांगणारा एचटीटीपी कोड) उत्तर सॉकेटवर, म्हणजे कनेक्शनच्या आपल्या टोकावर, राइट करतो आणि लगेच क्लोज करतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये 413 पाठवल्याची नोंद असते. क्लायंटला मात्र दिसतं फक्त 'कनेक्शन रीसेट बाय पीअर'. स्वतः सर्व्हर लिहिणारे इथे तासन्‌तास राइटचा कोड तपासत बसतात. तो बरोबरच असतो, फसवतं ते क्लोज.

राइट यशस्वी झालं म्हणजे बाइट्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) सेंड बफरमध्ये, म्हणजे पाठवायच्या डेटाच्या तात्पुरत्या साठ्यात गेले, एवढंच. ते क्लायंटच्या प्रोग्रामने वाचले की नाही, हे त्यावरून कळत नाही. अशा वेळी आपल्या रिसीव्ह बफरमध्ये (आलेल्या डेटाच्या साठ्यात) न वाचलेला डेटा पडून असताना क्लोज केलं, तर लिनक्स फिनऐवजी (रीतसर समाप्तीचा टीसीपी संदेश) थेट आरएसटी (कनेक्शन तोडणारा रीसेट) पाठवतं. क्लोजनंतर अपलोडचा उरलेला भाग येऊन धडकला, तरी आरएसटीच जातो. तो मिळाल्यावर क्लायंटचं टीसीपी न वाचलेला डेटा टाकून देऊ शकतं. म्हणजे 413 पलीकडच्या मशीनवर पोचलेलं असलं, तरी वाचलं जाण्याआधीच नाहीसं होतं.

शटडाउन एकेक दिशा बंद करतं. फक्त लिहिण्याची बाजू बंद केली, की बफरमध्ये उरलेलं उत्तर आधी जातं आणि त्यामागून फिन. वाचण्याची बाजू उघडीच राहते. मग क्लायंटकडून येईल ते वाचून टाकून द्यायचं, रीडने शून्य परत केलं (म्हणजे क्लायंटनेही आपली बाजू बंद केली) किंवा ठरवलेला वेळ संपला की क्लोज करायचं. एचटीटीपी/1.1 चं मानक असलेल्या आरएफसी 9112 च्या 9.6 या विभागात हीच पद्धत सांगितली आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये याला लिंगरिंग क्लोज म्हणतात. तिथे एकूण मर्यादा 30 सेकंद आणि पुढच्या डेटासाठी थांबण्याची मर्यादा 5 सेकंद, असे डीफॉल्ट आहेत. वेळेची मर्यादा हवीच, नाहीतर एखादा हट्टी क्लायंट कनेक्शन अडवून ठेवेल.

काही जण यावर उपाय म्हणून एसओ-लिंगर हा सॉकेटचा पर्याय लावतात. त्याने क्लोज काही काळ थांबतं खरं, पण न वाचलेल्या डेटामुळे जाणारा आरएसटी टळत नाही.

आणखी एक फरक फोर्क करणाऱ्या (स्वतःची प्रत म्हणून चाइल्ड प्रोसेस काढणाऱ्या) सर्व्हरमध्ये जाणवतो. क्लोज फक्त आपल्या प्रोसेसचा डिस्क्रिप्टर (उघड्या सॉकेटचा क्रमांक) सोडतं. चाइल्ड प्रोसेसकडे त्याची प्रत असेल तर कनेक्शन चालूच राहतं. शटडाउनचा परिणाम थेट कनेक्शनवर होतो, प्रती कितीही असोत. पण त्याने डिस्क्रिप्टर सुटत नाही. शटडाउननंतरचं क्लोज विसरलात, तर सर्व्हर काही काळाने 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणत नवी कनेक्शन नाकारू लागतो.

पूर्ण वाचलेल्या साध्या गेट विनंतीनंतर थेट क्लोज केलं तरी बहुतेक वेळा निभावतं. बॉडी अर्धवट सोडून 401 ('आधी ओळख पटवा') किंवा 413 द्यायचं असेल, किंवा पाइपलाइनमध्ये (उत्तराची वाट न पाहता पाठवलेल्या विनंत्यांच्या रांगेत) पुढची विनंती येऊन पडली असेल, तिथे मात्र आधी शटडाउन करा.