पुलावरून दिसतो तो 'देश' कुणाचा? : मॉन्ट्रियलच्या आतषबाजी स्पर्धेची पार्श्वभूमी

उन्हाळ्याआधी कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या आंतरराष्ट्रीय आतषबाजी स्पर्धेची यादी जाहीर झाली की बहुतेक लोक देशांची नावं वाचतात आणि सोयीची तारीख बघून ठेवतात. वर्षानुवर्षं ही स्पर्धा पाहणाऱ्यांची नजर मात्र देशाखालच्या बारीक अक्षरांवर जाते. तिथे दारूकाम करणाऱ्या घराण्याचं किंवा कंपनीचं नाव असतं. इटली येणार एवढ्यावर त्यांचं भागत नाही. इटलीतलं कोण? मागे येऊन गेलेलेच, की नवे? मांडणी अजून बाप करतो, की पोराच्या हाती आली? पुढचे दोन-तीन महिने याच चर्चा रंगतात. त्या समजायच्या तर 'देश' हा शब्द या स्पर्धेत कसा शिरला आणि त्याचा अर्थ कसा सरकत गेला, हे बघायला हवं.

आतषबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा ही युरोपातल्या किनाऱ्यावरच्या शहरांची रीत. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या सान सेबास्तियानमध्ये ऑगस्टच्या उत्सवात १९६४ पासून अशी स्पर्धा होते. तिथे संगीत नसतं. आकाश, उपसागर आणि आवाज एवढंच. लोक हातात आइस्क्रीम घेऊन ते बघतात, आणि ती तिथली पक्की परंपरा आहे. पुढे मॉन्टे कार्लो आणि कान या शहरांतल्या स्पर्धांनाही मान मिळाला. पर्यटक आणायचे असतील तर एकाच कंपनीकडून सगळं करून घेण्यापेक्षा चार देशांना बोलावून झुंजवणं जास्त फायद्याचं, हे या शहरांना कळलं. जाहिरातीच्या फलकावर 'इटली विरुद्ध स्पेन' जितकं शोभतं तितकं दोन कारखान्यांचं नाव शोभत नाही. 'देश' हा शब्द तिथून आला. तो जाहिरातीसाठी आला आणि पुढे नियमासारखा वापरला जाऊ लागला.

मॉन्ट्रियलची पहिली स्पर्धा १९८५ ची. जागा सेंट लॉरेन्स नदीतल्या सेंट हेलन बेटावरची, ला रोंद हा मनोरंजन बगीचा. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तो उभारला होता. आत एक तळं आहे. तळ्याच्या एका अंगाला प्रेक्षकांचे मंच, दुसऱ्या अंगाला आतषबाजी उडवायची नळकांडी रोवलेले उतार, आणि त्यावर नदी ओलांडणारा, १९३० मध्ये खुला झालेला जाक कार्तिए पूल. आतषबाजीच्या रात्री पुलावरून गाड्या बंद होतात आणि पूल पायी येणाऱ्यांचा होतो. तिकीट काढून मंचावर बसणाऱ्यांपेक्षा पुलावर, जुन्या बंदरात आणि नोत्र-दाम रस्त्याच्या कडेला उभं राहून बघणाऱ्यांची गर्दी कितीतरी मोठी. या शहराची ही रात्र फुकट बघणाऱ्यांनीच मोठी केली, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली पंधरा-सोळा वर्षं स्पर्धेला एका सिगारेट कंपनीचं नाव होतं. जुनी मंडळी अजूनही तेच नाव घेतात. व्हँकुव्हरच्या इंग्लिश बे किनाऱ्यावर १९९० मध्ये सुरू झालेली बहीण-स्पर्धाही त्याच नावावर चालायची. कॅनडात १९९७ मध्ये तंबाखूविषयीचा नवा कायदा आला, तंबाखूच्या पैशातून होणारी प्रायोजकत्वं टप्प्याटप्प्यानं बंद होणार हे ठरलं आणि दोन्ही शहरांना नवा आधार शोधावा लागला. मॉन्ट्रियलमध्ये आधी प्रांताचं सरकारी मद्यमंडळ पुढे आलं आणि मग प्रांताची सरकारी लॉटरी. २००१ मध्ये बगीचाही एका अमेरिकी कंपनीनं घेतला. तंबाखूचा पैसा गेला हे चांगलंच झालं. पण त्या काळात कारागिरांना मोठा हात मिळाला होता आणि स्पर्धेचा बाज तेव्हाच ठरला, हेही मान्य करायला हवं. अर्ध्या तासाचं सलग प्रदर्शन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत संगीतावर बांधलेलं, आणि विजेत्याला सोन्याचा, चांदीचा, कांस्याचा 'ज्युपिटर'. ज्युपिटर म्हणजे रोमनांचा विजेचा देव.

आता मूळ गुंत्याकडे.

पहिल्या वर्षांत 'देश' या शब्दाला खरा आधार होता. कारागीर आपल्या गावच्या कारखान्यात औट वळायचे आणि तेच जहाजानं इकडे यायचे. (आकाशात जाऊन फुटणाऱ्या गोळ्याला इंग्रजीत शेल म्हणतात. सांगलीकडे कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री पालखीपुढे जे उडतात त्यांना औट म्हणतात. मी तोच शब्द वापरतो, नेमका तोच आहे.) जपानी औट गोल. तो फुटला की शेवंतीसारखं गोल फूल उमलतं, पाकळ्या टोकाशी रंग बदलतात, आणि आत दुसरं, कधी तिसरं वर्तुळ असतं. ते कुठल्याही बाजूनं गोलच दिसतं. इटालियन औट नळीसारखा लांब, कागद आणि सुतळीनं गुंडाळलेला. एकाच औटात अनेक कप्पे, ते एकामागून एक ठरल्या अंतरानं फुटतात आणि शेवटी धाडकन आवाज. व्हॅलेन्सियाच्या स्पॅनिश कारागिरांचं सगळं लक्ष तालावर. त्यांच्या शहरात मार्चमधल्या उत्सवात भर दुपारी दोन वाजता केवळ आवाजाची आतषबाजी होते, तीत बघायला धूर आणि ऐकायला भूकंप. हे तिघं एका उन्हाळ्यात एकाच तळ्याकाठी आले तर डोळे मिटूनही कोण आहे ते सांगता यायचं.

पुढे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे माल चीनमधून यायला लागला. हूनान प्रांतातलं ल्यूयांग आणि त्याच्या आसपासचा पट्टा आज जगाच्या आतषबाजीचा बहुतांश माल पुरवतो. युरोपातल्या अनेक घराण्यांनी स्वतः औट वळणं कमी केलं. काहींनी आपली खास दोन-चार कामं घरी ठेवली आणि बाकीचं विकत घेतलं. दुसरी गोष्ट त्याआधीपासूनची, पण नीट लक्षात आली ती याच काळात: घराणी स्वतःच देश बदलून बसली होती. मॉन्टे कार्लोचं सुवर्णपदक अमेरिकेला पहिल्यांदा १९७९ मध्ये मिळालं, आणि ज्या घराण्यानं ते जिंकलं त्याची मुळं दक्षिण इटलीतली. ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या आतषबाजीमागेही इटालियन वंशाचं एक घराणं आहे. मग पदक कुणाचं म्हणायचं?

आणि हा घोळ नवा नाहीच. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये २७ एप्रिल १७४९ ला शांतता तहाच्या आनंदात राजानं आतषबाजी करवली होती. संगीतकार हॅन्डलचं आतषबाजीसाठीचं संगीत त्याच प्रसंगाचं. इंग्लंडच्या अभिमानाचा सोहळा, पण दारूकामासाठी माणसं आणली होती इटलीतल्या बोलोन्याहून. इंग्रज आणि इटालियन पथकांचं जमलं नाही, लाकडी मंडपाच्या एका बाजूला आग लागली, आणि मंडपाच्या रचनाकारानं चिडून तलवार उपसली. आतषबाजीच्या इतिहासात 'देश' नावाची गोष्ट एवढी ठिसूळ होती.

स्पर्धेच्या व्यवस्थेनं यावर कधी ठाम भूमिका घेतलेली मला दिसत नाही. कंपनी जिथे नोंदलेली, तो देश: व्यवहारात एवढंच चालतं. माल कुठला, मांडणी करणारा कुठल्या गावचा, संगीत कुणी कापलं, हे फलकावर येत नाही. नळकांडी रोवायला, तारा ओढायला स्थानिक माणसांचा हात लागतोच. एका बाजूचं म्हणणं असं की याला हरकत कशाला? चित्रकार रंग स्वतः कुटत नाही. विकतचे औट घेऊन उत्तम मांडणी करणं हीच आजची कला. दुसरी बाजू म्हणते, सगळ्यांच्या हातात तेच औट असतील तर इटली आणि पोर्तुगालमध्ये फरक उरला तो फक्त गाण्यांचा.

माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. अर्थात मांडणीचं कौशल्य मोठंच. पण ज्या रात्री एखादं जुनं घराणं स्वतः वळलेला लांबडा औट उडवतं, कप्पे मोजून पाच वेळा उघडतात, दोन उघड्यांमधलं अंतर केसभरही हलत नाही, तेव्हा पुलावरची गर्दी आधी गप्प होते आणि मग ओरडते. विकतच्या मालाला तशी शांतता मिळालेली मी ऐकलेली नाही. कवठे एकंदच्या रात्रीही दारूकाम मंडळामंडळांचं असतं, आणि चांगलं काम पेटलं की 'कुणाचं?' हा प्रश्न पहिला. जुन्या एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, नदीवरच्या आतषबाजीला लोक कारागिरांच्या दुकानांची नावं घेऊन ओरडत: 'तामाया!', 'कागिया!' तामायाच्या दुकानाला १८४३ मध्ये आग लागली आणि त्याला शहराबाहेर घालवलं गेलं. दुकान गेलं तरी त्याच्या नावानं ओरडायची सवय गेली नाही. प्रेक्षकाची निष्ठा कारागिराच्या हाताशी असते. फलकावरचं मोठं नाव आणि बारीक नाव यांची अदलाबदल केली तर बराच वाद मिटेल, असं मला वाटतं.

निकालाचा वाद याच्याशीच जोडलेला आहे. मॉन्ट्रियलमध्ये परीक्षक तज्ज्ञ नसतात, सामान्य नागरिकांतून निवडलेली मंडळी असतात. ही त्या स्पर्धेची शान मानली जाते. जी लोकांसाठी आहे ती लोकांनी जोखावी. पण सामान्य परीक्षकाला ओळखीचं गाणं, मोठा शेवट आणि भरलेलं आकाश लगेच भावतं. तळ्यावर खाली मांडलेलं बारीक काम, काळोखाचा मुद्दाम घेतलेला क्षण, अवघड निळा रंग हे निसटू शकतं. निळा अवघड का, तर तांब्याचं जे संयुग निळा प्रकाश देतं ते जास्त उष्णतेत टिकत नाही. ज्योत थंड ठेवली तर रंग फिका, तापवली तर पांढुरका. गडद निळा उमलला की जाणकार एकमेकांकडे बघतात, आणि गुणांच्या कागदावर त्याला वेगळा रकाना नसतो. त्यामुळे दरवर्षी निकालानंतर जाणकारांची वेगळी क्रमवारी फिरते. ती अधिकृत निकालाशी जुळतेच असं नाही.

संगीताशी मेळ हा तिसरा विषय, आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत सगळ्यात बदललेला. पूर्वी कारागीर हातानं वाती पेटवत किंवा पटावरची बटणं दाबत. आता प्रत्येक औटाच्या वातीला विजेची काडी जोडलेली असते, आणि संगणक संगीताच्या वेळेनुसार ती पेटवतो. तीन इंची औट उडाल्यावर अडीच-तीन सेकंदांनी फुटतो, मोठ्याला चार-पाच लागतात. म्हणजे ढोलाच्या ठोक्यावर फूल उमलायचं तर नळकांड्यात स्फोट तेवढे सेकंद आधी व्हायला हवा. हा हिशेब अर्ध्या तासात हजारो वेळा करायचा.

आणि तो केलेला असतो मंचावर बसलेल्यांसाठी. पुलावर किंवा नदीपलीकडे उभा माणूस खिशातला छोटा रेडिओ लावून संगीत ऐकतो. रेडिओ क्षणात पोचतो, प्रकाशही पोचतो, पण आवाज सेकंदाला जेमतेम ३४० मीटर चालतो. एक किलोमीटरवर उभं राहिलं की गाण्याचा ठोका आणि फूल बरोबर दिसतात, आणि धमाका तीन सेकंदांनी छातीवर येतो, तोवर गाणं पुढे गेलेलं. पुलावर शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला एकदा हातानं खूण केली: एका कानात रेडिओ, दुसरा मोकळा. तेव्हापासून मी तसंच ऐकतो. दोन वेगळ्या आतषबाज्या एकाच वेळी, आणि दोन्ही खऱ्या.

२०२० मध्ये साथीमुळे स्पर्धा झाली नाही. त्यानंतरच्या काळात जहाजांची भाडी भडकली, आणि स्फोटक माल नेणारी जहाजं व घेणारी बंदरं मुळातच मोजकी. ज्यांचा सगळा माल समुद्रापलीकडून येतो त्यांना याची झळ जास्त बसली. म्हणून आजची वाट पाहण्यात जुनी उत्सुकता आहेच, आणि थोडी धास्तीही: यादीतलं घराणं स्वतःचे औट आणणार, की इथेच मिळेल त्यावर भागवणार?

हे, आणि रात्र कशी जाईल ते, कळायला दोन-तीन खुणा आहेत. एक, संगीताची कल्पना जाहीर होते तेव्हा ती किती मोकळी आहे. ज्यांच्याकडे घरचा माल असतो ते संगीतात मोकळ्या जागा ठेवतात, कारण त्यांना औटाचा आवाज ऐकवायचा असतो. दोन, तळ्याच्या काठावर किती काम मांडलंय. बगीचात दिवसा गेलं तर लांबून उतारांवरची नळकांड्यांची रांग दिसते, रुंद तोंडाची किती आणि बारीक किती, एवढं तरी मोजता येतं. तिसरी खूण संध्याकाळी मिळते, आणि तिचा कारागिराशी संबंध नाही: वारा. हवा दमट आणि वारा पडलेला असेल तर पहिल्या पाच मिनिटांचा धूर तिथेच लोंबकळत राहतो आणि उत्तम औटही ढगामागच्या दिव्यासारखे दिसतात. वारा नदीवरून शहराकडे असेल तर मंचाची रात्र चांगली आणि पश्चिमेकडच्या काठाची वाईट. म्हणून आतषबाजीच्या दिवशी जाणकार दुपारपासून झेंडे कुठल्या बाजूला फडफडतायत ते बघतात, आणि त्यावरून शहराच्या बाजूच्या पापिनो मेट्रो स्टेशनला उतरायचं की नदी ओलांडून लाँगेइला जायचं ते ठरवतात.