ऊसशेतीतील बिबट्याचे वर्तन

बिबट्या (शास्त्रीय नाव : पँथेरा पार्डस) हा मूळचा जंगलातला व डोंगरउतारांवरचा प्राणी ज्या बागायती पट्ट्यात ऊस वर्षभर उभा असतो तेथे राहू लागल्यावर त्याच्या निवाऱ्यात, आहारात, दिनक्रमात व पिलांच्या संगोपनात जे बदल दिसून येतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव व शिरूर आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले, संगमनेर ही या वर्तनाची सर्वाधिक चर्चिली गेलेली क्षेत्रे आहेत.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे व कालव्यांमुळे जुन्नर परिसरातील जिरायत जमीन बागायती झाली आणि बाजरीच्या जागी ऊस आला. ‘सुरू’ हंगामात लावलेला ऊस सुमारे बारा महिने, तर ‘आडसाली’ हंगामात लावलेला सतरा-अठरा महिने शेतात उभा राहतो. एकाचा फड (उसाचे उभे शेत) तुटतो तेव्हा शेजारच्याचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेले पीक, वाढीला लागलेला असतो. पुरुषभर उंचीचे दाट पीक, आत पाचटाचा (उसाच्या वाळलेल्या पानांचा) मऊ थर, उन्हाळ्यातही गारवा, बांधालगत पाण्याची चारी आणि दिवसचे दिवस माणसाची ये-जा नाही, ही सारी परिस्थिती बिबट्याला लागणाऱ्या आडोशाच्या गरजा जंगलातील झुडपांइतक्याच, किंबहुना अधिक चांगल्या रीतीने भागवते. जंगल तुटले म्हणून बिबट्या गावात आला, हे सर्वत्र ऐकू येणारे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे वाटते.

वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरात केलेला अभ्यास येथे महत्त्वाचा आहे. दर चौरस किलोमीटरला 300 हून अधिक लोकवस्ती असलेल्या आणि रानटी तृणभक्षक जवळजवळ नसलेल्या या भागात कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या गणनेनुसार दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 4.8 प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीवरून आहारातील भक्ष्याच्या एकूण वजनापैकी सुमारे 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, त्यातही 39 टक्के कुत्र्यांचा असल्याचे दिसले. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपासच होता. याचे कारण बिबट्याच्या आवडीनिवडीपेक्षा गावाच्या रीतीत शोधावे लागते : शेळ्या दिवेलागणीला गोठ्यात कोंडल्या जातात, कुत्रे मात्र रात्रभर मोकळे हिंडतात.

दिनक्रमही माणसाच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतलेला दिसतो. गळ्यात जीपीएस पट्टे बसवलेल्या बिबट्यांच्या नोंदींवरून ते दिवसा घरांपासून लांब राहतात आणि वर्दळ थांबल्यावर वस्तीजवळ येतात, असे आढळले. शेतीपंपांना वीज रात्रीची मिळते तेव्हा शेतकऱ्याला नेमके त्याच वेळी पिकाला पाणी द्यायला जावे लागते, आणि एरवी टळणारी गाठ पडते.

वर्तनावर सर्वांत मोठा आघात होतो तो ऊसतोडीच्या हंगामात. टोळी कोयते घेऊन एका कडेने फड तोडत जाते तसतसा निवारा आक्रसत जातो आणि शेवटच्या काही सऱ्यांत पाचटावर दोन-तीन बछडे सापडतात. मादी दिवसा जवळपास असूनही समोर येत नाही. अशा वेळी तोडणी थांबवून वनकर्मचारी बछडे तपासतात आणि अंधार पडण्याआधी क्रेटमध्ये घालून शक्यतो त्याच जागी ठेवतात. रात्री मादी येते, एकेकाला मानेला धरून उचलते व दुसऱ्या उभ्या फडात नेते. पिलांना माणसाचा हात लागला की आई त्यांना टाकते, ही समजूत या अनुभवाशी जुळत नाही.

परिस्थिती बदलली की वर्तन कसे बदलते, याचा कटू पुरावा स्थलांतराच्या प्रयोगातून मिळाला. 2001 पासून जुन्नर भागात पकडलेले बिबटे मोठ्या संख्येने दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. त्यापूर्वी जुन्नरमध्ये माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. या मोहिमेच्या काळात ते सुमारे सतरांवर गेले. अनोळखी प्रदेशात सोडलेला प्राणी तेथे स्थिरावत नाही, आणि त्याची रिकामी झालेली हद्द दुसरा बिबट्या व्यापतो. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे पकडलेला व पुढे ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला नर माळशेज घाटात सोडल्यावर तिथे थांबला नाही, तर सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईलगतच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला.

उसातला बिबट्या ही वेगळी जात किंवा उपजात नाही, हे लोकबोलीत रूढ होऊ लागलेल्या ‘ऊसबिबट्या’ या नावामुळे विसरले जाते. उसात जन्मलेले पिलू आईबरोबर हिंडताना आडोसा कुठे, पाणी कुठे आणि कुत्री कोणत्या वस्तीवर मोकळी असतात, हे शिकते. गोठे पक्के बंदिस्त केले, उघड्यावरचा कचरा व त्यावर जगणारी भटकी कुत्री कमी केली, बिबटे आत पडू नयेत म्हणून विहिरींना कठडे बांधले आणि शेतीची वीज दिवसा दिली, तर हेच शिकणे वेगळ्या दिशेने जाईल, अशी अपेक्षा या भागातील उपाययोजनांमागे आहे.