पटव्यांची हवेली आणि बारा तास उशिरा पोचणारी दुपार

जैसलमेरला पटव्यांची हवेली बघायला गेलं की दगडी जाळीपाशी थांबून गाइड हमखास सांगतात, हा त्या काळचा एसी. बारीक भोकांतून जाताना वारा दाबला जातो, त्याचा वेग वाढतो आणि म्हणून तो गार होतो. समाजमाध्यमांवरही हे आकृत्यांसकट फिरत असतं. वेग वाढतो हे खरं. पण हिशेब मांडून बघा. सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा नुसत्या वेगापायी थंड होऊन होऊन किती होणार? एका अंशाचा जेमतेम ऐंशीवा भाग. बाहेर ४२ अंश असेल तर जाळीतून आत येतो तो ४२ अंशांचाच वारा.

मग जाळीचं काम काय? रखरखीत उजेड अडवणं, आतल्या बायकांना आडोसा देऊन रस्ता दिसू देणं आणि सकाळ-संध्याकाळी अंगावर झुळूक आणणं. कोरड्या हवेत घाम झटकन उडतो, गारवा वाटतो तो त्याचा. भर दुपारी मात्र खिडक्यांची लाकडी दारं लावून घेणंच शहाणपणाचं.

खरी करामत भिंतीची आहे, आणि तिच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही.

गुमानचंद पटवा या जैन व्यापाऱ्याने १८०५ मध्ये पहिली हवेली बांधायला घेतली. मुलगे पाच, म्हणून शेजारी शेजारी पाच हवेल्या. काम कित्येक दशकं चाललं. दगड गावाजवळचाच, पिवळा. पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत त्याला वालुकाश्म म्हणतात, पण जैसलमेरचा नावाजलेला सोनेरी दगड हा चुनखडक. विरल आम्लाचा थेंब टाकला तर फसफसतो. साधारण १६ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी साचलेला हा गाळ. पिवळेपणा लोहाच्या संयुगांचा. कण बारीक असल्यामुळे छिन्नी सरळ चालते. चुना भिजवायला पाणी लागतं आणि इथे पाऊस वर्षाला २०० मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे जैसलमेरी बांधकामात पुष्कळ ठिकाणी दगड खाचा पाडून एकात एक बसवलेले आणि लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले दिसतात.

अशा दीड फूट जाडीच्या भिंतीवर ऊन पडलं की उष्णता आत सरकायला लागते, पण फार सावकाश. या जातीच्या दगडाची घनता, उष्णता वाहून नेण्याची आणि साठवण्याची क्षमता सूत्रात घातली, तर बाहेरची दुपार आतल्या अंगाला पोचायला बारा-तेरा तास लागतात. म्हणजे दुपारी तीनचा तडाखा आत कळणार पहाटे तीन-चारला, आणि तोही जवळजवळ विरून गेलेला. पेढीवाल्यांच्या घराला शोभेलसा व्यवहार: दिवसभर जमा, रात्री परतफेड. मे-जूनमध्ये इथे दिवसा ४१-४२ अंश आणि रात्री २६-२७; भिंत या दोन्हींची सरासरी धरून बसते, म्हणजे ३४च्या आसपास. गार नव्हेच. पण बाहेरून आलेल्याला ते आठ अंश चांगलेच जाणवतात.

झरोखे आणि छज्जे भिंतीवर सावली धरतात. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली टाकतात. खोल नक्षीमुळे पृष्ठभाग वाढतो, त्यातला बराच सावलीत राहतो आणि वाऱ्याला उष्णता उचलून न्यायला जास्त जागा मिळते. अर्थात शेठजींनी नक्षी कोरून घेतली ती ऐपत दाखवायला. उष्णतेचा फायदा वरकड.

साठलेली उष्णता रात्री जाते कुठे? बरीचशी आकाशात. कोरड्या, निरभ्र हवेत आकाश उष्णतेच्या हिशेबाने आसपासच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी थंड असतं. गच्ची त्याच्याकडे तोंड करून पडलेली, म्हणून आधी ती निवते. जड झालेली गार हवा चौकात उतरते आणि खालच्या खोल्यांत साचते.

या सगळ्याला माणसांची साथ लागायची. उन्हाळ्यात दुपार खालच्या अंधाऱ्या खोलीत, रात्र गच्चीवर. थंडीत उलटं: दिवसा गच्चीवर ऊन खात बसायचं आणि रात्री आत, भिंतीच्या उबेला. एकच खोली चोवीस तास बारा महिने सुखाची व्हावी, ही अपेक्षाच नव्हती. आजचा वास्तुविशारद इमारतीला नुसती जाळी डकवून ‘पारंपरिक शीतकरण’ म्हणतो, तेव्हा नेमकं हेच गाळलेलं असतं.

शिवाय ही युक्ती सगळीकडे चालत नाही. पावसाळ्यात मुंबईत दिवस-रात्रीच्या तापमानात चार-पाच अंशांचा फरक असतो आणि आकाश ढगांनी झाकलेलं. तिथे दीड फुटी दगड रात्री निवणार कसा? तिथे वारा खेळता ठेवणंच बरं. खुद्द वाळवंटातही गणित रात्रीवर अवलंबून आहे. जैसलमेरहून फार लांब नसलेल्या फलोदीत १९ मे २०१६ ला ५१ अंशांची नोंद झाली. अशा लाटेत रात्रीही पारा उतरला नाही, तर भिंत कालची उष्णता पोटात घेऊनच आजचं ऊन झेलते. त्यात अरुंद गल्लीत एसीची बाहेरची यंत्रं गरम हवा सोडू लागली, तर भिंतीला निवायला मिळणारे तास आणखी कमी होतात.