एकोणतीस अक्षरांचं कस्पट

सोलापूरच्या पूर्व भागात मी इंग्रजीची शिकवणी घेतो. शेजारच्या घरात यंत्रमाग चालतात, त्या खडखडाटात बोललेलं मागच्या मुलांपर्यंत पोचत नाही. म्हणून महत्त्वाचं ते सगळं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितो. दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, इंग्रजीतला सगळ्यात लांब शब्द कुठला?" विचारणाऱ्याला एक-दोन शब्द आधीच तोंडपाठ असतात, पण अर्थ विचारला की गप्प बसतो. हे शब्द आले कुठून आणि त्यांत तीच तीच अक्षरं पुन्हा पुन्हा का येतात, ते एकदा सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मुलांचा सगळ्यात लाडका शब्द फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. रोमन लिपीत त्याची अक्षरं २९. त्यात आय नऊ वेळा येतो आणि ई, म्हणजे इंग्रजीत सर्वांत जास्त वापरलं जाणारं अक्षर, एकदाही नाही. हा योगायोग वाटतो, पण त्या नऊपैकी चार आय म्हणजे चक्क लॅटिनमधले षष्ठीचे प्रत्यय आहेत. इंग्लंडमधल्या ईटनच्या शाळेतल्या लॅटिन व्याकरणात एक नियम होता: एखाद्या गोष्टीची किंमत करणं या अर्थाच्या क्रियापदासोबत क्षुल्लकपणा दाखवणारे काही ठरावीक शब्द षष्ठीत येतात. फ्लॉकस म्हणजे लोकरीचा पुंजका, नॉकम म्हणजे क्षुल्लक वस्तू, निहिल म्हणजे काहीच नाही, पिलस म्हणजे केस. या चारांची षष्ठी एकापुढे एक ठेवून कुणीतरी 'करणे' या अर्थाचं शेपूट जोडलं आणि शब्द तयार झाला. विल्यम शेनस्टन या इंग्रज कवीच्या १७४१ सालच्या पत्रात तो आढळतो. एका माणसाला पैशाची काडीचीही मातब्बरी नव्हती आणि त्याचा हाच गुण आपल्याला सर्वांत आवडला, असं शेनस्टन तिथे म्हणतो.

आता हे मराठीत बघा. काडीची किंमत नाही, कवडीची किंमत नाही. 'ची' हा षष्ठीचाच प्रत्यय. रोमन माणसाला लोकरीचा पुंजका सुचला, आपल्याला काडी, कवडी आणि कस्पट सुचलं. कस्पटासमान लेखणं हा त्या २९ अक्षरांचा नेमका अर्थ. माझ्या वर्गातल्या एका मुलीला तर एवढंही सांगावं लागलं नाही. तिच्या घरी माग आहेत. "मागाखाली साठतो तो पुंजका ना, रोज झाडून टाकतो तो?" तोच.

हा शब्द देवनागरीत लिहिला की अक्षरं भरतात फक्त तेरा. नऊ आयपैकी आठांच्या ऱ्हस्व वेलांट्या होतात, नववा शेवटच्या 'शन'मध्ये विरघळून जातो. लांबी शब्दाइतकीच लिपीचीही असते. ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात त्या मुलांना लांब शब्दाची धास्ती मुळातच कमी, असं मला नेहमी जाणवतं. प्रत्ययाला प्रत्यय जोडत जाणं त्यांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे.

शेक्सपिअरच्या एका नाटकात, १५९८ च्या छापील प्रतीत, २७ अक्षरांचा एक शब्द आहे: ऑनोरिफिकाबिलिट्यूडिनिटाटिबस. अर्थ, मानसन्मानाला पात्र असण्याची अवस्था. त्यात एक व्यंजन, एक स्वर अशी आलटूनपालटून रांग लागते. पण मला त्याचं शेपूट जास्त मोलाचं वाटतं. तेच शेपूट ऑम्निबसलाही आहे. ऑम्निबस म्हणजे 'सर्वांसाठी', आणि त्यातला बस हा लॅटिनमधल्या चतुर्थीच्या अनेकवचनी प्रत्ययाचा तुकडा. म्हणजे एसटी स्टँडवर आपण ज्या बसची वाट बघतो, ती नुसत्या प्रत्ययाच्या शेपटावर चालते.

अक्षरं मोजूनमापून लिहिण्याचा नाद आपल्यालाही परका नाही. मोरोपंतांनी निरोष्ठ रामायण लिहिलं. प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य व्यंजनं वर्ज्य, म्हणजे नायकाचं 'राम' हे नावच घेता येत नाही! त्यांच्या आधी कित्येक शतकं दंडीने संस्कृत गद्यात हेच केलं होतं. ओठ दुखावलेला माणूस गोष्ट सांगतो आहे, असं निमित्त त्याने शोधलं होतं. अमेरिकेत १९३९ साली अर्नेस्ट व्हिन्सेंट राइट यांनी ई न वापरता ५० हजारांहून जास्त शब्दांची कादंबरी लिहिली, त्याचं कौतुक जगभर होतं आणि ते व्हायलाही हवं. पण मुलांना मोरोपंतही ठाऊक हवेत. आणि आपल्या सोलापूरचे शाहीर राम जोशी तर हवेतच. 'हटातटाने पटा रंगवुनी' एवढं म्हणून पाहिलं तरी ट कसा दणकत जातो ते कळतं.

टायपिंगच्या क्लासला जाणाऱ्यांना एक गंमत माहीत असते. टाइपरायटर हा शब्द यंत्राच्या अक्षरांच्या वरच्या एकाच ओळीवर टाइप होतो. दहा अक्षरी प्रोप्रायटरसुद्धा तसाच. नवी पेठेतल्या पाट्यांवर मात्र त्याचं नुसतं 'प्रो.' उरलं आहे.

राहिला ४५ अक्षरांचा शब्द: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. अर्थ, ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म सिलिका धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. हा कुठल्या दवाखान्यात जन्मला नाही. अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडी सोडवणाऱ्यांच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ मध्ये तो लांबीसाठीच रचला. तुकडे मात्र सगळे अस्सल आहेत. कोनिस म्हणजे ग्रीकमध्ये धूळ, आणि त्यावरून न्यूमोकोनिओसिस हे धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारांचं नाव डॉक्टर त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होते.

फळ्यावर या शब्दाखाली मी नेहमी आणखी एक शब्द लिहितो: बिसिनोसिस. रोमन लिपीत दहाच अक्षरं. बिसोस म्हणजे ग्रीकमध्ये तलम कापड. १८७७ मध्ये आद्रियां प्रूस्त या फ्रेंच डॉक्टरांनी हे नाव वापरलं. कापूस आणि तशाच काही धाग्यांची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाऊन होणारा हा आजार. त्याची खूण अशी की आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, दम लागतो, आणि सुरुवातीच्या काळात पुढच्या दिवसांत तो त्रास ओसरतो.

माझे आजोबा इथल्याच एका गिरणीत ब्लो रूमला होते. कापसाच्या गाठी फोडून पिंजायचं ते खातं. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी घरी आले की ओट्यावर भिंतीला टेकून बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, शर्टाच्या कॉलरमध्ये कापसाचे तंतू अडकलेले. आजी पाणी द्यायची, ते लगेच प्यायचे नाहीत. आधी श्वास शांत होऊ द्यायचे. काय होतंय विचारलं की एवढंच म्हणायचे, "सुट्टी बाधली." बिसिनोसिससमोर अर्थ लिहिताना मी हेच दोन शब्द लिहितो.