मातीतील सूक्ष्मजीवांवरील विषपरीक्षेची पार्श्वभूमी

सोयाबीनचे रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, की जिवाणू कामाला लागले आहेत हे यवतमाळ-वाशीमकडचा शेतकरी ओळखतो. परंतु शेणखतातले नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणणारे जीव गाठी करत नाहीत. त्यामुळे तणनाशकाने त्यांचे काय झाले, हे वावरात उभे राहून सांगता येत नाही. प्रयोगशाळेत ते मोजण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिचे मूळ १८७७ साली फ्रान्समध्ये झालेल्या एका प्रयोगात आहे.

श्लोझिंग आणि म्यून्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपू दिले. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही आणि मग पाण्यातल्या अमोनियाच्या जागी नायट्रेट, म्हणजे पिकाला घेता येणारे नत्राचे रूप, येऊ लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते थांबले; वाफ काढून टाकल्यावरही परतले नाही, मात्र मातीचे थोडे धुवण ओतल्यावर पुन्हा सुरू झाले. हे काम करणारे जिवाणू विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे केले. म्हणजे जीव हाती लागण्याआधीच, त्याचे काम थांबले यावरून त्याला विष बाधले हे ओळखले गेले होते, आणि या प्रयोगाचे खरे मोल मला त्यातच दिसते.

पुढे १९०९ मध्ये इंग्लंडातील रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रसेल आणि हचिन्सन यांनी मातीला टोल्युइन हे जिवाणू मारणारे रसायन दिले, तेव्हा जिवाणूंची संख्या आधी घटली, पण नंतर पूर्वीपेक्षा वाढली आणि अमोनियाही वाढला. मेलेल्या पेशींतले नत्र मोकळे होते, हे त्यामागचे एक मोठे कारण. एका दिवसाची मोजणी फसवी ठरते, म्हणून आठवडे वाट पाहावी लागते.

आज रूढ असलेली पद्धत म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार्य संघटनेची २१६ क्रमांकाची चाचणी; ती २००० साली ठरली. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेल्या मातीत वाळलेल्या लसूणघासाची भुकटी मिसळतात आणि नायट्रेट बनण्याचा वेग २८ दिवस पाहतात. शेतीच्या औषधासाठी, औषध न दिलेल्या मातीशी तुलना करता फरक २५ टक्क्यांपेक्षा अधिक राहिला, तर चाचणी १०० दिवसांपर्यंत लांबवता येते. माती अशा शेतातली हवी, जिथे किमान वर्षभर फवारणी झालेली नाही. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात असे वावर शोधणे सोपे नाही.

मातीचे निकषही ठरलेले आहेत: वाळू ५० ते ७५ टक्के, सामू (पीएच) ५.५ ते ७.५, तापमान २० अंशांच्या आसपास. वाळूच्या मातीत रसायन कणांना कमी चिकटते आणि जिवाणूंना अधिक भिडते, म्हणून ही निवड मुद्दाम कठोर आहे व ती मला योग्य वाटते. तरीही आपली भारी काळी जमीन चिकण आणि बहुधा आठच्या वर सामू असलेली. सोयाबीनमध्ये वापरले जाणारे क्लोरिम्युरॉन-इथाइल हे तणनाशक अशा अल्कधर्मी मातीत हळू विघटित होते, त्यामुळे जिवाणूंचा त्याच्याशी संबंध अधिक काळ राहतो. औषध विशिष्ट जमिनीत, उदाहरणार्थ आम्लधर्मी जंगलमातीत, वापरले जाणार असेल, तर ती मातीही जोडीला तपासण्याची मुभा चाचणीच्या नियमांतच आहे, आणि काळ्या मातीसाठी तीच मुभा घेता येते.